शेतावरील कुत्र्यांचे रोग व त्यांची ओळख

शेतकऱ्याच्या दारी जी जनावरे असतात, त्यांपैकी कुत्रा हे एकच जनावर असे आहे की, ज्याच्या आजाराची दखल बहुधा ते मेल्यानंतरच घेतली जाते. पावसाळ्यापूर्वी बैलांस घटसर्पाची व फऱ्याची लस टोचून घ्यावी, मेंढरांस आंत्रविषाराची लस द्यावी, हे आता बहुतेक गावांतून समजले आहे. कुत्र्याची आठवण मात्र अशा वेळी कोणास होत नाही. तो गोठ्याच्या दारात निजतो, खळ्याची राखण करतो, रानडुकरे व वानरे हुसकावतो आणि कळपामागे कोसच्या कोस चालतो; हे सारे भाकरीच्या तुकड्यावर होत असल्यामुळे त्याची किंमत कोणी मांडीत नाही. परंतु त्याला जडणाऱ्या रोगांपैकी काही घरातील मुलाबाळांस, काही मेंढरांस व काही गाईम्हशींस होतात, आणि त्यांतील एक रोग तर असा आहे की, त्याची लक्षणे माणसात एकदा प्रकट झाली म्हणजे तो माणूस हाती लागत नाही. सबब कुत्र्याच्या आजाराची ओळख असणे ही हौशी लोकांची बाब नसून घराच्या व गोठ्याच्या व्यवस्थेचाच तो एक भाग होय.

प्रथम निरोगी कुत्रा कसा असतो ते पाहू. त्याच्या शरीराचे तापमान सामान्यतः 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. माणसापेक्षा ते अधिक असल्यामुळे नुसता हात लावून ताप आहे की नाही हे सांगता येत नाही. गुदद्वारात तापमापक लावूनच ते पाहावे लागते. नाक कोरडे पडले म्हणजे ताप आला, ही समजूतही खरी नाही. उन्हात पडलेल्या धडधाकट कुत्र्याचेही नाक कोरडे असते. त्यापेक्षा ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. त्या पांढुरक्या दिसल्यास रक्त कमी झाले आहे असे समजावे, आणि पिवळ्या दिसल्यास कावीळ आहे असे समजावे. मात्र ही तपासणी फक्त ओळखीच्या, शांत व खाऊन-पिऊन असलेल्या कुत्र्याचीच करावी. असे बजावण्याचे कारण पुढील रोगात आहे.

पिसाळ रोग

रेबीज म्हणजेच पिसाळ हा रोग विषाणूंमुळे होतो. हे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात आणि चाव्यावाटे किंवा उघड्या जखमेवर लाळ पडल्याने दुसऱ्या शरीरात जातात. तेथून ते मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतात. कुत्र्यात चावा बसल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते आठ आठवडे जातात; कधी कमी, तर कधी अनेक महिने.

पिसाळलेला कुत्रा म्हटला की, शेपूट खाली घालून, लाळ गाळीत, वाटेत येईल त्यास चावत सुटलेले जनावर लोकांच्या डोळ्यांपुढे येते. हा रोगाचा उग्र प्रकार झाला. तो भयंकर असला तरी लोक त्याला ओळखतात आणि दूर राहतात. खरा धोका दुसऱ्या, मुक्या प्रकारात आहे. यात कुत्रा कोणाच्या अंगावर जात नाही. तो अंधाऱ्या कोपऱ्यात, गवताच्या गंजीमागे किंवा बाजेखाली जाऊन बसतो. आवाज घोगरा होतो. खालचा जबडा लुळा पडून लोंबू लागतो. तोंडातून लाळेच्या तारा सुटतात आणि पुढे ठेवलेला घास त्यास गिळता येत नाही. घरच्या माणसांना वाटते, घशात हाड अडकले. मग धनी मायेपोटी त्याचे तोंड उघडतो आणि हाड चाचपण्यासाठी आत हात घालतो. नांगर, विळा व काटेरी कुंपण यांच्या कामात ज्याचे आयुष्य जाते, त्या माणसाच्या हातावर लहानसहान ओरखडे नाहीत असा दिवस विरळा. त्या ओरखड्यांतून विषाणू आत शिरण्यास चाव्याची गरज उरत नाही.

हाच प्रकार गाईम्हशींच्या बाबतीत घडतो. पिसाळलेली गाय वारंवार घोगऱ्या आवाजात हंबरते, लाळ गाळते, चारा तोंडात धरून गिळू शकत नाही. आणि घशात आंब्याची कोय किंवा कणसाचा दांडा अडकला असावा असे समजून तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला जातो. घशात खरोखरच काही अडकले आहे की रोग आहे, हा भेद गोठ्यात उभे राहून करता येण्यासारखा नाही. म्हणून लाळ गाळणाऱ्या व गिळू न शकणाऱ्या कोणत्याही जनावराच्या तोंडात पशुवैद्यकाखेरीज इतर कोणीही हात घालू नये, हा नियम ग्रामकार्यकर्त्यांनी घरोघर सांगावा. या लेखातील बाकीचे सर्व विसरले गेले तरी चालेल.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. पिसाळलेला कुत्रा पाण्यास भितो असे मानून काही ठिकाणी त्याच्यापुढे पाण्याचे भांडे ठेवून परीक्षा केली जाते, आणि तो पाण्याजवळ गेला की तो निर्दोष ठरतो. पाण्याची भीती हे लक्षण माणसातील रोगाचे आहे, कुत्र्याचे नव्हे. पिसाळलेला कुत्रा पाण्यात तोंड घालतो. गिळता येत नसले तरी घालतो. ही परीक्षा निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहे.

कुत्रा चावल्यास पहिले काम जखम धुण्याचे. वाहत्या पाण्याखाली साबण लावून ती 15 मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा काळ वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. तेव्हा घड्याळ पाहूनच धुवावे. साबणाने या विषाणूचे आवरण नष्ट होते, म्हणून या साध्या उपायाचे मोल फार आहे. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तेल वा तंबाखूची राख जखमेत भरू नये. जखम शिवण्याची व घट्ट बांधण्याची घाई करू नये. यानंतर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लस दंडाच्या स्नायूत द्यावयाची असल्यास पहिली सुई शून्य दिवस धरून 0, 3, 7, 14 व 28 या दिवशी देतात. त्वचेत द्यावयाची असल्यास 0, 3, 7 व 28 या दिवशी. रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते, कारण लसीचा गुण येण्यास काही दिवस जातात. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांनाही ही लस देण्यास हरकत नाही. चावा बसून पुष्कळ दिवस लोटले असले तरी लस घ्यावीच. माणसात रोग प्रकट होण्यास सहसा एक ते तीन महिने व क्वचित एक वर्षाहूनही अधिक काळ लागतो.

लसीविषयीची धास्ती जुनी आहे व तिला कारणही होते. लुई पाश्चर यांनी 1885 साली प्रथम माणसावर या लसीचा प्रयोग यशस्वी केला. पुढे कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून जी लस सिद्ध केली, ती भारतात कित्येक दशके वापरात होती. तिची इंजेक्शने पोटात, रोज एक याप्रमाणे अनेक दिवस घ्यावी लागत. त्या यातनांच्या कथा आजोबांकडून नातवापर्यंत पोहोचल्या आहेत. ती लस आपल्या देशात 2005 च्या सुमारास बंद झाली. आजची लस निराळी असून ती दंडात घेतात व तिचा त्रास किरकोळ असतो. तथापि शेळ्या राखणारी मुले अद्याप चावा लपवितात, कारण घरी ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ एवढेच ऐकलेले असते. शाळेत जाऊन हा बदल सांगणे हे ग्रामकार्यकर्त्याचे अर्ध्या तासाचे काम आहे.

चावणारा कुत्रा पाळीव असेल तर त्यास ठार न मारता दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावे. ज्या कुत्र्याच्या लाळेत चाव्याच्या वेळी विषाणू होते, तो या मुदतीत रोगी दिसतो व मरतो. तो दहाव्या दिवशी धडधाकट असल्यास उरलेल्या सुयांविषयी डॉक्टर निर्णय देतात. मात्र या पाहणीसाठी पहिली सुई थांबवू नये. गाय, म्हैस वा बैल यांस चावा बसल्यास त्यांचीही जखम याच रीतीने, हातमोजे घालून धुवावी व पशुवैद्यकाकडून लस टोचून घ्यावी. त्या जनावराचे दूध कच्चे कोणीही पिऊ नये. लक्षणे दिसू लागल्यावर तर ते मुळीच वापरू नये.

कुत्र्यास ही लस तीन महिन्यांच्या वयात द्यावी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याप्रमाणे दुसरी मात्रा द्यावी आणि त्यानंतर दरवर्षी टोचावी. एखाद्या टापूतील सुमारे 70 टक्के कुत्र्यांस लस मिळाली म्हणजे रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. शेजारच्या गोव्याने ते करून दाखविले. तेथे 2013 नंतर पाळीव व मोकाट अशा दोन्ही कुत्र्यांना गावोगाव फिरून लस टोचण्यात आली. त्यानंतर 2018, 2019 व 2020 या तिन्ही सालांत तेथे पिसाळाने एकही माणूस दगावला नाही, आणि 2021 साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. गावातील कुत्रे मारून टाकण्याने असे फळ मिळत नाही. मारलेल्यांच्या जागी बाहेरची, लस न टोचलेली कुत्री येऊन बसतात.

पिल्लांचे दोन घातक रोग

पिल्लांच्या दोन साथींनी गावातील वेतेच्या वेते नाहीशी होतात. त्यांपैकी डिस्टेंपर हा जुना रोग. तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लांत तो विशेषेकरून दिसतो. प्रारंभी ताप, डोळ्यांत चिपडे, नाकातून घट्ट शेंबूड, खोकला व हगवण ही लक्षणे असतात. पिल्लू त्यातून सावरल्यासारखे दिसते आणि दोनतीन आठवड्यांनी एकाएकी त्यास झटके येऊ लागतात. दात कडाकडा वाजतात, तोंडास फेस येतो, एखादा पाय वा डोके ठेक्यात उडत राहते. या अवस्थेत ते पिसाळले आहे असे समजून मारले जाते. उलट, पिसाळलेले पिल्लू ‘नुसता डिस्टेंपर’ म्हणून मांडीवरही घेतले जाते. दोन्ही चुका घडतात; दुसरी अधिक महाग पडते. झटके येणारे कोणतेही पिल्लू वेगळ्या जागी बंद करून पशुवैद्यकास दाखवावे. डिस्टेंपरच्या विषाणूवर नेमके औषध नाही, आणि माणसास हा रोग होत नाही. रानालगतच्या गावांनी मात्र याची विशेष खबरदारी घ्यावी. 2018 साली गीरच्या जंगलात सिंह मरू लागले तेव्हा त्यांपैकी काहींच्या तपासणीत हाच विषाणू सापडला होता.

पार्व्हो हा रोग त्यामानाने नवा. 1978 पूर्वी जगात तो कोणास ठाऊक नव्हता. दीड ते सहा महिन्यांचे पिल्लू एकाएकी खाणे सोडते, सतत ओकते आणि त्यास रक्तमिश्रित, अत्यंत दुर्गंधी जुलाब होतात. शरीरातील पाणी निघून गेल्याने ते दोनतीन दिवसांत मरते. यात तोंडाने दूध वा ताक पाजण्याचा आग्रह धरू नये, कारण ते पोटात राहत नाही. शिरेतून सलाइन मिळाले तर पुष्कळ पिल्ले वाचतात. मात्र ते पहिल्याच दिवशी मिळाले पाहिजे. या रोगाचे विषाणू जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतात. ज्या जागी पिल्लू गेले तेथील फरशी व भांडी प्रथम स्वच्छ धुवून मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने निर्जंतुक करावीत. मातीच्या अंगणात हे नीट साधत नाही. म्हणून तेथे पुढील पिल्लू लस पूर्ण झाल्याखेरीज आणूच नये. डिस्टेंपर व पार्व्हो या दोहोंची एकत्रित लस मिळते. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, तीनचार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत द्यावी लागते. एकच मात्रा देऊन थांबणे व्यर्थ जाते, कारण आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण आरंभीच्या लसीचा गुण येऊ देत नाही.

गोचीड व खरूज

कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड केवळ रक्त पिऊन थांबत नाही. तिच्या चाव्यातून रक्तात सूक्ष्म जंतू शिरतात व गोचीडताप येतो. कुत्रा मलूल होतो, ताप चढउतार करतो, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि कधी नाकातून रक्त वाहते. लघवी तांबूस-काळी होणे हेही अशा एका तापाचे लक्षण आहे. वेळीच रक्त तपासून औषध दिल्यास कुत्रा बरा होतो. नाकातून रक्त येईपर्यंत थांबल्यास भरवसा देता येत नाही.

गोचिडीची मादी कुत्र्याच्या अंगावर अंडी घालीत नाही. ती रक्त पिऊन गळून पडते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. यास्तव कुत्र्याच्या अंगावर औषध लावून गोठ्याची भिंत तशीच ठेवणे म्हणजे शेतात एकीकडे भांगलण करून बांधावरचे तण बी धरेपर्यंत राखण्यासारखे आहे. फटी बुजवाव्यात, भिंतींस चुना द्यावा आणि पशुवैद्यकाने सांगितलेले औषध भिंतीवरही फवारावे. पिकावरील कीटकनाशके कुत्र्याच्या अंगास कधीही लावू नयेत. तो अंग चाटतो व विषबाधा होऊन मरतो. एके काळी सर्रास वापरली जाणारी गॅमेक्झिनची पूडही आता वापरावयाची नाही, बी.एच.सी. या कीटकनाशकावर देशात 1997 सालीच बंदी आली. गोचिडी बोटांनी चिरडण्याची सवयही सोडावी. त्या चिमट्याने उपटून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात.

खरजेत कानांच्या कडा, कोपरे व पोट येथील केस जाऊन खपल्या धरतात आणि कुत्रा रात्रंदिवस खाजवितो. ही खरूज कुत्र्याबरोबर निजणाऱ्या मुलांच्या अंगावरही काही काळ उठते. तिच्यावर इंजिनाचे जळके तेल चोपडण्याची रीत सर्वत्र आहे. त्या तेलाने कातडी भाजते, आणि चाटल्यामुळे ते पोटातही जाते. खरजेवर आज चांगली औषधे आहेत. पण मेंढरांसाठी आणून ठेवलेले इंजेक्शन अंदाजाने कुत्र्यास टोचू नये. दोन किलोच्या पिल्लास औषधाचा एखादा थेंब जास्त झाला तरी तो जिवावर बेततो.

याखेरीज जखमेत अळ्या पडणे, उंदरांसाठी ठेवलेले विष खाणे आणि जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ येऊन रक्त ठिबकत राहणे हे प्रकार नेहमीचे आहेत. ती गाठ पाहून कुत्रा कामातून गेला असे मानतात, परंतु आठवड्यास एक याप्रमाणे काही इंजेक्शने दिली की ती बहुधा विरून जाते. कोकणातील भातखाचरांच्या भागात उंदरांच्या मुतापासून होणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यासही होतो. ताप व काविळीची लक्षणे दिसल्यास त्याच्या लघवीचा स्पर्श टाळावा.

जंत आणि मेंढपाळाचा कुत्रा

पिल्लाच्या पोटात गोल जंत बाहेरून येण्यापूर्वीच आईच्या गर्भातून आलेले असतात. पोट नगाऱ्यासारखे व अंग मात्र हाडकुळे, असे पिल्लू दिसले म्हणजे ते ‘खादाड’ नसून जंतांनी पोखरलेले असते. दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, बारा आठवड्यांपर्यंत त्यास जंताचे औषध द्यावे. पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा व त्यानंतर दर तीन महिन्यांनी द्यावे. दुभत्या कुत्रीसही पिल्लांबरोबरच औषध द्यावे.

सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचे ते चपट्या जंतांकडे, कारण त्यांचा फेरा कुत्रा व मेंढी यांच्यामध्ये चालतो आणि त्यात माणूस सापडतो. दिवाळीनंतर देशावरील मेंढपाळ कळप घेऊन दूरवर चारणीस निघतात, तेव्हा प्रत्येक तळावर दोनचार कुत्री असतात. वाटेत मेंढी मेली अथवा कापली म्हणजे तिचे काळीज व फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकतात. त्या काळजात पुष्कळदा पाण्याने भरलेले पांढुरके फोड असतात. त्या फोडांत एका अतिशय लहान, काही मिलिमीटर लांबीच्या चपट्या जंताची पिल्ले असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती वाढतात. कुत्र्यास त्यांचा विशेष त्रास होत नाही, म्हणून कोणास काही कळत नाही. मात्र त्याच्या विष्ठेतून असंख्य अंडी बाहेर पडतात, गवतास व पाण्यास लागतात, त्याच्या केसांतही राहतात. ती मेंढीच्या पोटात गेली म्हणजे पुन्हा तेच फोड होतात. कुत्र्यास कुरवाळून तसेच जेवावयास बसलेल्या मुलाच्या पोटात गेली तर त्याच्या यकृतात वा फुप्फुसात तसाच फोड वर्षानुवर्षे वाढत राहतो आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करूनच तो काढावा लागतो.

मेंढी एकाच दिशेने गोल गोल फिरू लागते, मान वाकडी करते, अडखळून पडते, हा विकार मेंढपाळांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तोही कुत्र्याच्याच दुसऱ्या एका चपट्या जंतापासून होतो. त्याची पिल्ले मेंढीच्या मेंदूत जाऊन फोड करतात. अशा मेंढीचे डोके फोडून कुत्र्यास घातले म्हणजे त्याच्या आतड्यात नवे जंत तयार होतात व कळपातील पुढील मेंढ्यांची सोय होते.

हा फेरा तोडण्यास खर्च फारसा लागत नाही. मेलेल्या वा कापलेल्या जनावराचे काळीज, फुप्फुस व डोके कच्चे कुत्र्यास घालू नये. ते चांगले उकळून घालावे, अथवा कुत्र्यांस उकरता येणार नाही इतक्या खोल पुरावे. गावात मांस विकणाऱ्यांनीही हे टाकाऊ भाग उघड्यावर फेकू नयेत, यासाठी ग्रामपंचायतीने खड्डा नेमून द्यावा. कळपाबरोबरच्या कुत्र्यांस प्राझिक्वांटेल हे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वजनाप्रमाणे नियमित द्यावे. जवळ दवाखाना नसल्यास 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. औषधाने जंत मरतात, पण त्यांची अंडी मरत नाहीत. म्हणून औषध दिल्यानंतर दोनतीन दिवस कुत्र्यास तळापासून दूर, पाणवठ्याच्या खालच्या अंगास बांधून ठेवावे, त्याची विष्ठा फावड्याने गोळा करून जाळावी किंवा खोल पुरावी, आणि फावडे व हात साबणाने धुवावेत.